अव्वाच्या गळ्यातले दोन दोरे

मला पाण्याची भीती वाटते. सोलापुरात जन्मून सोलापुरातच म्हातारी झालेल्या बाईनं हे सांगितलं की लोक हसतात. घाबरायला आमच्याकडं पाणी असतं तरी कुठं? माझा धाकटा भाऊ तर चारचौघांत म्हणतो, "अक्काला बादलीतसुद्धा भोवरा दिसतो." म्हणू दे. त्या दिवशी तोही आमच्याबरोबर नळदुर्गला होता, पण अव्वाच्या, म्हणजे आमच्या आईच्या, काखेत होता आणि त्याला नुकते दात येत होते. त्याला काय आठवणार?

दुष्काळ सरून पहिला चांगला पावसाळा आला होता. त्याआधी आम्ही पोरींनी नळापाशी घागरींची रांग सांभाळण्यात दिवसच्या दिवस घालवले होते. चूळसुद्धा जपून भरायची, असे ते दिवस. म्हणून अप्पांच्या दुकानात कुणीतरी बातमी आणली, की बोरी नदी भरलीय, नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झालेत, तेव्हा अप्पा घरी येऊन पायातल्या चपला काढायच्या आधीच म्हणाले, "रविवारी पाणी बघायला जायचं." देवाला जायचं म्हणावं तसं ते म्हणाले.

अप्पांचं सुताचं दुकान होतं. पूर्व भागातले विणकर त्यांच्याकडून सूत न्यायचे आणि दुपारभर बसून गप्पा मारायचे. त्या गप्पांतून अप्पांना किल्ल्याची सगळी माहिती झाली होती. नदीवर जुन्या काळच्या बादशहानं दगडी बंधारा बांधलाय, त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे, त्याला पाणीमहाल म्हणतात. नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी पाणी कोसळतं, एक नर आणि एक मादी. "आपण महालात उभं राहायचं, पाणी डोक्यावरनं जातं, आन् आपण कोरडेच्या कोरडे," असं अप्पा सांगत होते. यातलं कोरडं राहण्याचं तेवढं खोटं निघालं.

घरात आम्ही पाच जण. अप्पा, अव्वा, मी, तान्हा भाऊ आणि आत्या. आत्या अप्पांची थोरली बहीण. लग्न झाल्यावर थोड्याच वर्षांत कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आलेली. घरातले नेमधर्म तिच्या हातात होते. ती ओरडायची नाही. नुसती बघायची, आणि आपण काय चुकलो ते आपोआप आठवायला लागायचं. मी तिला भीत होते, अव्वा भीत होती, आणि अप्पा भीत नसल्याचं सोंग करायचे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं लिंग असतं. काळं, जांभळाएवढं. आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात घास. मूल जन्मलं की त्यालाही लगेच लिंग बांधतात. पण तान्हं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, म्हणून आमच्या घरी बाळाचं लिंग आईच गळ्यात घालून सांभाळायची. अव्वाच्या गळ्यात म्हणून दोन दोरे होते, एक तिचा, एक बाळाचा. दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावायचा नाही, सोडून बघायचं तर मुळीच नाही. ते जन्मभर अंगावर राहतं आणि माणूस गेलं की मातीत बसवताना त्याच्याच तळहातावर ठेवतात.

आणि हरवलं तर? ते आत्या सांगायची. संध्याकाळी दिवा लावून झाला की मला मांडीपाशी बसवून सांगायची, आणि मी ऐकू नये म्हणून कान झाकले तरी हात बाजूला करून सांगायची. तिच्या सासरच्या गावात एका गृहस्थाचं लिंग नदीत पडलं, तर तो त्याच्यामागं नदीतच गेला. वर आलाच नाही. एका घरी तान्ह्या पोराचं विहिरीत पडलं, तर आमचे पुरोहित, म्हणजे स्वामी, येऊन दुसरं बांधेपर्यंत पोराला पाजलं नाही. "मग?" असं मी विचारलं होतं. "मग काय? शिवाची इच्छा," आत्या म्हणाली आणि वाती वळायला लागली. मला रात्री स्वप्नात तो नदीत जाणारा माणूस दिसायचा. पोराचा मी फारसा विचार केला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आत्यानं फर्मान काढलं, की बाहेरगावी अंगावर चांदी नको. एस्टीत चोर असतात. आमची लिंगं चांदीच्या डब्यांत असायची. त्या डब्या काढून ट्रंकेत गेल्या आणि अव्वानं धोतराचा जुना मऊ तुकडा फाडून सगळ्यांना दिला. ज्यानं त्यानं आपापलं लिंग त्यात बांधलं, बाळाचं तेवढं तिनं. दोरे कमी पडले, तेव्हा अप्पांनी दुकानातून नवीन सूत आणलं. मागावर ताणायचं, खळ देऊन कडक केलेलं. अप्पांनी ते दोन्ही हातांनी ओढून दाखवलं. "बघ, तुटतंय का? आमच्या सुताला बैल बांध." अव्वा हसली आणि दातानं सूत तोडून गाठी मारत बसली. खळीच्या सुताची गाठ अशी घट्ट बसते, की सोडायला सुई लागते. ते मात्र कोरड्यात.

सकाळी पूजा, चहा आटोपून आम्ही एस्टी धरली. आत्यानं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटी बांधून घेतली होती, शिवाय फिरकीचा तांब्या भरून पाणी. अप्पा म्हणाले, "अगं, पाणी बघायला चाललाव आन् पाणी कशाला?" आत्यानं नुसतं बघितलं. अप्पांनी तांब्या मुकाट्यानं हातात घेतला.

किल्ल्याची तटबंदी बघूनच मी अव्वाच्या मागं लपले. काळा दगड, आणि इतका उंच की वर बघताना टोपी असती तर पडली असती. आत एक भलामोठा बुरूज होता, त्याच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. अप्पा मला हाताला धरून वर घेऊन गेले. वर तोफा पडल्या होत्या. अप्पांनी एका तोफेच्या तोंडात हात घालून दाखवला, मला वाटलं आता हात परत येत नाही. खाली अव्वा बाळाला घेऊन उभी होती. वरून ती एवढीशी दिसत होती, आणि मला एकाएकी वाटलं की आपण उतरेपर्यंत ती तिथं नसेल. का वाटलं कुणास ठाऊक. मी रडायला लागले, आणि अप्पा "ही पोरगी काय कामाची न्हाय" असं म्हणत मला खाली घेऊन आले.

तिथून पाणीमहालाकडं जाताना आधी आवाज आला. गिरणीचा भोंगा न थांबता वाजत राहावा, तसा तो आवाज संपतच नव्हता. मग वळणावर बंधारा दिसला. एका बाजूला तांबूस पाणी तुडुंब, हललं न हललंसं. दुसऱ्या बाजूला तेच पाणी पांढरं होऊन खोल खाली पडत होतं. दुष्काळातल्या आमच्या डोळ्यांना ते बघवेना. आत्यानं हात जोडले. अप्पा मोठ्यानं हसत होते, त्यांचं हसू ऐकू येत नव्हतं, नुसते दात दिसत होते.

महालाच्या दारापाशी रखवालदार होता. तो अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "मालक, आत लई येळ थांबू नका. वरल्या अंगाला पाऊस झालाय. पाणी चढायलंय." अप्पांनी मान हलवली. मी ते ऐकलं आणि खांब धरून बसले. मला यायचं नव्हतं. अव्वानं बाळाला डाव्या काखेत घेतलं आणि उजव्या हातानं मला उचकटून उठवलं. "माझा हात धर. सोडू नको. मी हाय की."

आत अंधार होता आणि पायऱ्यांवर शेवाळ. पायाखालचा दगड थरथरत होता, अगदी खरंच, तळव्यांना कळत होतं. आम्ही उतरत उतरत एका दालनात आलो, नक्षीच्या कमानी असलेल्या, आणि त्या कमानींच्या समोर पाण्याचा पडदा. बाहेरचं काही दिसत नव्हतं. उडणारे तुषार तोंडावर, कपड्यांवर, भिंतींवर. क्षणात आम्ही ओलेचिंब झालो. बाळ किंचाळत होतं आणि अव्वाच्या गळ्याला दोन्ही मुठींनी लटकलं होतं. मी तिचा हात धरला होता आणि डोळे मिटून एकच म्हणत होते, वर चला, वर चला. माझं मलाही ऐकू येत नव्हतं. अव्वाला मात्र कळलं असावं, कारण तिनं अप्पांना खूण केली आणि आम्ही वर निघालो. एका पायरीवर माझा पाय घसरला, अव्वानं मला दंडाला धरून वर ओढलं. मला वाटलं, वाचलो.

उन्हात आल्यावर अव्वानं बाळाचं तोंड पदरानं पुसलं, मग आपला गळा पुसला. आणि तिचा हात गळ्यावरच थांबला. पुन्हा चाचपडला. ओल्या पदराखाली हात घालून ती काहीतरी शोधत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी तिच्याकडं बघत होते म्हणून मला ते आधी दिसलं.

"वन्सं," ती आत्याला म्हणाली, "लिंग पडलं."

खळीचं सूत भिजलं होतं. खळ धुऊन गेली, सूत मऊ पडलं आणि गाठ आपोआप सुटली. बाळानं ओढलं असेल तेही खरं. गळ्यात सुताचा नुसता ओला तुकडा लोंबत होता.

आत्यानं विचारलं, "कुणाचं?"

अव्वानं आधी बाळाकडं बघितलं. ते तिचा खांदा चोखत होतं.

"माझं," ती म्हणाली. "बाळाचं हाय गळ्यात." आणि उरलेलं लिंग तिनं मुठीत घट्ट धरलं.

अप्पा पुढं झाले. त्यांनी अव्वाच्या गळ्यातला तो सुताचा तुकडा काढून घेतला, हातात धरून क्षणभर बघितला आणि त्याचा बोळा करून पाण्यात भिरकावला. मला वाटलं ते चिडलेत. मग ते रखवालदाराला घेऊन, त्याचा कंदील घेऊन, पुन्हा त्या अंधारात उतरले.

तेव्हा मला कळलं की आता दोघंही जाणार. अप्पा खाली पाण्यात, आणि अव्वा त्या नदीत जाणाऱ्या माणसासारखी. आत्याच्या गोष्टीतला माणूस आता मला नुसता दिसत नव्हता, तो आमच्यात येऊन बसला होता. अव्वा बंधाऱ्याच्या दगडावर बसली होती, तुडुंब पाण्याच्या बाजूला तोंड करून. दोन पावलांवर पाणी. मी तिच्या पदराचं टोक घेतलं आणि माझ्या मनगटाला गुंडाळलं. एक वेढा, मग आणखी एक. ती जाईल तर मला घेऊन जाईल, आणि मला घेऊन ती जाणार नाही, असा माझा हिशेब होता. त्या वयातसुद्धा तेवढी अक्कल मला होती.

"काय करालीस?" अव्वानं विचारलं.

"काय न्हाय."

"सोड, फाटंल की."

मी सोडलं नाही. तिनंही पुन्हा म्हटलं नाही.

अप्पा वर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि हात रिकामे होते. रखवालदार म्हणाला, खालच्या पायऱ्यांवर पाणी आलंय, आता कुणाला उतरू द्यायचं नाही. जे पाण्यात गेलं ते आता बोरीबरोबर खाली गेलं. तो मुसलमान होता, त्याला आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण अव्वाच्या तोंडाकडं बघून त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला, आणि त्या रुमालानं मी जास्तच घाबरले.

आत्या म्हणाली, "स्वामींकडनं दुसरं बांधून घेईस्तोवर घास न्हाय, पाण्याचा थेंब न्हाय."

"व्हय, वन्सं," अव्वा म्हणाली.

अप्पा बहिणीला म्हणाले, "अगं आक्का, घरी पोचायला संध्याकाळ होईल. ती अंगावर पाजणारी बाई हाय."

"मी केलेला नेम हाय का हा?" आत्या म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. मला तेव्हा वाटलं की ती रागावलीय. आता वाटतं, तीही घाबरलेली होती. चांदीच्या डब्या काढायला तिनंच लावलं होतं ना.

शिदोरी मला एकटीला उघडून दिली. मी डाव्या हाताला पदर गुंडाळलेला ठेवून उजव्या हातानं धपाटं खाल्लं. खाल्लं नसतं तर आत्यानं बघितलं असतं. अव्वा बाळाला पाजत होती. तिच्या पुढ्यात नदी होती, मागं धबधबा होता, शेजारी फिरकीचा तांब्या होता, आणि तिचे ओठ पांढरे पडायला लागले होते. घागरीसाठी रांगेत बसणाऱ्या पोरीला याचा अर्थ लागत नव्हता. इतकं पाणी आणि अव्वाला प्यायला नाही. मला त्या पाण्याचा राग आला आणि त्याच्यासमोर राग दाखवायची भीतीही वाटली.

परतीची एस्टी उशिरा आली आणि खचाखच भरलेली. ऊन, घाम, कुणाच्या तरी पाटीतल्या कोंबड्या. बाळ सारखं तोंड लावायचं आणि सारखं रडायचं. दूध कमी पडत होतं. वाटेत अव्वाची मान एका बाजूला कलली. मी किंचाळले. कंडक्टरनं गाडी थांबवली, कुणीतरी बाईनं आपला तांब्या पुढं केला, "बाईला पाणी द्या, बाईला पाणी द्या" असा सगळ्या गाडीत गलका झाला. अव्वानं डोळे उघडले, तांब्याकडं बघितलं आणि मान हलवली. "माझा उपास हाय," ती त्या बाईला म्हणाली. मग आपली बोटं तांब्यातल्या पाण्यात बुडवून बाळाच्या ओठांना लावली. आत्या समोर बसून हे बघत होती. बाळाचं लिंग होतं की गळ्यात, बाळाला बोल कशाचा.

अव्वाचा एक हात सगळ्या वाटेत त्या उरलेल्या लिंगावर होता. कुणी ते हिसकावून घेणार आहे असा.

घरी आलो तर स्वामी कुठल्याशा खेड्यावर गेलेले, सकाळी येतील असा निरोप. अप्पांनी दारातच डोकं धरलं. त्या रात्रीचं मला एवढंच आठवतं, की मी अव्वाच्या पदराला माझ्या परकराची नाडी बांधली, आणि आत्या ओल्या फडक्यानं तिचे तळपाय पुसत होती. आत्यानंही दिवसभर पाणी घेतलेलं नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी तिला विचारलंही नाही.

सकाळी स्वामी आले. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी ओसरीवरूनच अव्वाकडं बघितलं आणि म्हणाले, "आधी हिला पाणी द्या."

आत्या म्हणाली, "दीक्षेच्या आधी?"

"लेकुरवाळी बाई हाय. आधी पाणी. कुणी अडवलं होतं तिला?"

अप्पा भिंतीकडं बघत होते. अव्वा मात्र पाणी प्याली नाही. तिनं आंघोळ केली, दीक्षा घेतली, नवीन लिंग तळहातावर घेऊन पूजा केली, आणि मग तांब्या दोन्ही हातांनी तोंडाला लावला. तिच्या गळ्याची वर-खाली होणारी घाटी मी बघत होते. तांब्या रिकामा होईपर्यंत बघत होते. मग मी नाडी सोडली. पुढं कितीतरी दिवस ती विहिरीवर, हौदावर, कुठंही गेली की मी मागं असायचे. भाऊ म्हणतो ते खरंच आहे, बादलीतसुद्धा मला खोली दिसते.

भाऊ मोठा झाला. त्याच्या मुंजीच्या वयात, म्हणजे आमच्यात मुंज नसते, पण त्या वयाचा झाल्यावर अव्वानं गळ्यातला एक दोरा काढून त्याच्या गळ्यात घातला, चांदीच्या डबीसकट. तो खोडकर होता, पण ते लिंग त्यानं जपलं. आत्या वारली, मग अप्पा गेले. अप्पांच्या दिवसांनंतर, मी माहेरी राहिले होते तेव्हा, अव्वा पूजा करून लिंग डबीत ठेवत होती. मी सहज नळदुर्गचा विषय काढला. म्हटलं, अव्वा, त्या दिवशी मला वाटलं होतं तू जातेस.

ती डबी मिटून म्हणाली, "माझं पडलंच न्हवतं गं."

मला समजलं नाही.

"माझा दोरा जुनाच होता. नवं सूत फकस्त बाळाच्या लिंगाला लावलेलं. पडलं ते त्याचं."

मी तिच्याकडं बघत राहिले. कपाळ पांढरं असलेली, वाकलेली, माझीच आई.

"वन्संनी विचारलं, कुणाचं. बाळाचं म्हणले असते तर त्याला सकाळपातूर पाजू दिलं नसतं. ती विहिरीची गोष्ट तुला सांगायच्या न्हाईत का त्या? ते पोर वाचलं न्हवतं. त्या घरच्या सूनबाईनं मला सांगितलेलं, लग्नात." तिनं डबी पदराआड सारली. "स्वामी तसं म्हणतील हे मला काय ठाऊक?"

"आन् अप्पा?"

"सूत त्यांनीच दिलेलं की. बघितल्या बघितल्या वळखलं. म्हणून तर टाकलं पाण्यात. नवं सूत वन्संच्या हातात पडलं असतं तर?" ती थोडी हसली. "नंतर जन्मभर त्यावर एक शब्द न्हाय काढला. मी पण न्हाय."

मी विचारलं, तुला भीती नाही वाटली? शिवाशी खोटं बोललीस.

"वाटली की. लई वाटली. रोज हातावर घेते तेव्हा वाटती. पण ते माझा खांदा चोखत होतं."

याचा अर्थ लावायला मला सगळी दुपार लागली. उरलेलं लिंग तिचं होतं आणि तिनं ते बाळाचं म्हणून सांगितलं. म्हणजे माझा भाऊ गळ्यात घालून फिरतो ते अव्वाचं. आणि स्वामींनी दिलेलं, खरं तर बाळासाठी लागणारं, ते अव्वाच्या गळ्यात. "त्याला सांगू नको," ती म्हणाली. "उगी भिईल." घरात भिणारी मी एकटी पुरे होते, असं तिला म्हणायचं असावं.

अव्वा गेली त्या दिवशी ऊन फार होतं. आमच्यात जाळत नाहीत, खड्डा काढून बसवतात. तिला बसवलं, डोकं सरळ केलं. आता स्वामी दुसरे होते, तरुण. ते भावाला म्हणाले, "आईंचं लिंग आईंच्या हातावर द्या." भावानं तिच्या गळ्यातली डबी उघडली. जे ज्याचं, ते त्याच्याबरोबर मातीत जातं, हे मला लहानपणापासून पाठ. आणि तिच्या हातावर जाणार होतं ते त्याच्या नावाचं. जिवंत, धडधाकट, दोन पोरांच्या बापाचं. मी ओरडावं म्हणून तोंड उघडलं. ओरडून काय सांगणार होते? मी पदर तोंडात धरला.

भाऊ खड्ड्यात उतरून वाकला. वाकताना त्याच्या सदऱ्यातून त्याची स्वतःची डबी बाहेर घरंगळली आणि दोऱ्यावर झोके घेत खाली आली. तो अव्वाच्या तळहातावर लिंग ठेवत होता, तेवढ्यात ती डबी तिच्या बोटांना लागली आणि तिथंच टेकून राहिली. त्याचं लक्ष नव्हतं. तो तिची बोटं मिटवत होता, थंड बोटं, एकेक करून, आणि डबी मध्ये येत होती.

मग त्यानं डबी उचलली, सदऱ्यात टाकली आणि वरचं बटण लावलं. वर येण्यासाठी त्यानं माझ्याकडं हात केला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि तो बाहेर आल्यावरही बराच वेळ सोडला नाही.